दुपारी मशीन ट्रिप होते, साईज सरकते, माल परत येतो: नागपूरच्या उन्हाळ्यात मशीन शॉप कसे चालवावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. हिंगणा एमआयडीसीत पत्र्याच्या शेडमधले मशीन शॉप: सहा सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) लेथ, दोन व्हीएमसी (उभ्या स्पिंडलची मिलिंग मशीन), एक स्क्रू कॉम्प्रेसर. एप्रिल लागला की दुपारी बारा ते पाचच्या दरम्यान ड्राइव्हचे (मोटरला वीज देऊन तिचा वेग ठरवणाऱ्या उपकरणाचे) अलार्म येऊन मशीन ट्रिप होते, म्हणजे आपोआप बंद पडते, सकाळी बरोबर निघणारी साईज दुपारी सरकते. ८० मिमी बोअरची (आतल्या गोल भोकाची) ॲल्युमिनियमची हाउसिंग इथे तपासणीत ओके होतात आणि पुण्याच्या ग्राहकाकडून ‘बोअर लहान’ म्हणून परत येतात. मेंटेनन्सवाले म्हणतात प्रॉडक्शन मशीन मोकळे देत नाही, प्रॉडक्शनवाले म्हणतात क्वालिटी उगाच अडवते, आणि क्वालिटीवाले म्हणतात ऑपरेटर मनाला येईल तसा ऑफसेट (मशीनमध्ये भरायची मापाची दुरुस्ती) मारतात. सुरुवात कुठून करायची?

थर्मामीटरपासून करा. तिघांच्या तक्रारी खऱ्या आहेत आणि तिन्हींच्या मुळाशी बऱ्याच अंशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे तापमान. फक्त ते तीन वेगवेगळ्या रजिस्टरांत तीन नावांनी लिहिले जाते: ब्रेकडाउन, रिजेक्शन आणि टार्गेट कमी. शेडमध्ये चार ठिकाणी साधे डिजिटल थर्मामीटर लावा: पश्चिमेच्या भिंतीजवळच्या मशीनपाशी, मधल्या मशीनपाशी, कॉम्प्रेसर रूममध्ये आणि तपासणीच्या टेबलावर. पाचवा सगळ्यांत जास्त ट्रिप होणाऱ्या मशीनच्या पॅनेलच्या आत, वरच्या बाजूला. सकाळी ७, १०, दुपारी १, ४ आणि रात्री ८ अशा पाच नोंदी, त्याच पानावर मशीन थांबण्याची वेळ आणि त्या वेळची साईज. पंधरा दिवसांत तुमच्या शेडचे स्वतःचे चित्र दिसू लागेल. बाहेर ४४-४५ अंश असताना पत्र्याखाली किती असते हे वेधशाळेचा आकडा सांगत नाही; ते शेडची उंची, पत्रा आणि वायुविजन यांवर ठरते.

आता परत आलेल्या हाउसिंगचा विषय, कारण पैसा सगळ्यांत जास्त तिथे जातो आहे. लांबीरुंदीची सगळी मापे २० अंश तापमानाला धरलेली असतात. ड्रॉइंगवर वेगळे लिहिले नसेल तर ८०.००० म्हणजे २० अंशांवरचे ८०.०००. पोलाद दर मीटरला दर अंशाला साधारण ११.५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढते, ॲल्युमिनियम जवळजवळ दुप्पट, २३ मायक्रॉन. तुमचा बोअर गेज (भोक मोजायचे डायलचे साधन) पोलादी सेटिंग रिंगवर (माप ठाऊक असलेल्या कड्यावर) शून्य केलेला आहे. दुपारी शेडमध्ये रिंग आणि जॉब दोन्ही ४२ अंशांवर असतील, तर २२ अंशांच्या फरकाने हाउसिंगचा बोअर सुमारे ४० मायक्रॉन मोठा झालेला असतो आणि पोलादी रिंग मात्र फक्त २० मायक्रॉन. म्हणजे डायलवर बोअर खऱ्यापेक्षा २० मायक्रॉन मोठा दिसतो.

८० मिमी एच७ ला (बोअरच्या अचूकतेच्या या ठराविक दर्जाला) मुभा, म्हणजे टॉलरन्स, किती? शून्य ते अधिक ३० मायक्रॉन. त्यातले २० नुसत्या उन्हाने खाल्ले. दुपारी दोन वाजता डायलवर ८०.००५ दिसले, ऑपरेटरने ओके केले. तो बोअर पुण्याच्या वातानुकूलित खोलीत ७९.९८५ मोजला जातो आणि परत येतो. ग्राहकाचे बरोबर आहे. याची दुसरी बाजू जास्त नुकसानीची आहे आणि ती कुणाच्या लक्षात येत नाही: डायलवर ८०.०४० दिसलेला जॉब तुम्ही ‘बोअर मोठा’ म्हणून भंगारात टाकता, तो खरा ८०.०२० असतो, अगदी चांगला. ४२ अंशांवर त्या गेजला ८०.०२० ते ८०.०५० दिसले तरच माल पास व्हायला हवा. उन्हाळ्यात भंगाराच्या पेटीत टाकलेली हाउसिंग अजून असतील तर ती काढून थंड करून पुन्हा मोजा.

यावर उपाय दोन आहेत. पहिला आणि माझ्या मते चांगला: त्याच ग्रेडच्या ॲल्युमिनियमची सेटिंग रिंग बनवून घ्या, एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त लॅबकडून २० अंशांवर तिचे माप काढून घ्या, आणि ती जॉबच्या शेजारीच, त्याच टेबलावर ठेवा. दोन्ही एकसारखी फुगतात, त्यामुळे शेडमध्ये ३० अंश असो की ४५, डायल खरे बोलतो. ॲल्युमिनियमची रिंग लवकर झिजते, म्हणून रोजच्या सेटिंगला दोन रिंगा आळीपाळीने वापरा आणि तिसरी फक्त या दोघींची पडताळणी करायला डब्यात ठेवा. दुसरा उपाय तक्त्याचा: ८० मिमीला २० अंशांच्या वर दर अंशाला ०.९२ मायक्रॉन. ३० ला ९, ३५ ला १४, ४० ला १८, ४५ ला २३. हा तक्ता लॅमिनेट करून गेजच्या स्टँडवर चिकटवा. यात एक अडचण आहे. तापमान हवेचे नव्हे, जॉबचे हवे, आणि रिंगही त्याच तापमानाला हवी. चकचकीत ॲल्युमिनियमवर इन्फ्रारेड गन मारून ते कळत नाही. चकाकणारा धातू स्वतःची उष्णता कमी दाखवतो आणि आजूबाजूची परावर्तित करतो. टेकवायचा थर्मोकपल प्रोब घ्या.

पोलादी जॉबला हा त्रास नाही. मास्टर (गेज शून्य करायचा नमुना) पोलादाचा, जॉब पोलादाचा, दोघे एकाच तापमानाला असतील तर उन्हाळ्याने फरक पडत नाही. बिडाचा (कास्ट आयर्नचा) फरकही इतका थोडा की रोजच्या कामात सोडून देता येतो. पोलादात चूक होते ती जॉब गरम असताना मोजल्याने. ४० मिमीची शाफ्ट चकमधून (जॉब धरणाऱ्या जबड्यांमधून) काढली, ती मास्टरपेक्षा २० अंश गरम आहे, तर ती ९ मायक्रॉन मोठी दिसते. एच६ शाफ्टला मुभाच १६ मायक्रॉनची. ऑपरेटर ९ मायक्रॉन खाली ऑफसेट मारतो आणि संध्याकाळी सगळा लॉट लहान निघतो. म्हणून मोजण्याआधी जॉब बिडाच्या सरफेस प्लेटवर ठेवा, लाकडी टेबलावर नको. बीड उष्णता झटकन ओढते. किती वेळ, ते जॉबच्या वजनावर आहे. प्रोब लावून मास्टर आणि जॉबमधला फरक एका अंशाच्या आत आला की मोजा. दोनचार दिवसांत प्रत्येक जॉबचा वेळ पाठ होतो.

तपासणीच्या खोलीचा एसी २० वर लावण्याचा अट्टहास मे महिन्यात बहुधा जमत नाही. दार दर पाच मिनिटांनी उघडते, एसी २० ते २८ च्या मध्ये हेलकावे खातो. त्यापेक्षा दिवसभर २५ वर स्थिर राहणारी खोली आणि त्याच धातूचा मास्टर हे कितीतरी बरे. मायक्रोमीटर हातात धरून ठेवू नका, स्टँडवर लावा.

आता मशीन. साईज सरकण्याची कारणे अनेक असतात आणि ऑफसेट मारण्याआधी कोणते कारण आहे हे ओळखता आले पाहिजे. दर पाचव्या जॉबची साईज वेळेसकट कागदावर बिंदूने मांडा. आकार पाहून कळते. इन्सर्टची (टूलच्या बदलायच्या धारेची) झीज एकाच दिशेने हळूहळू जाते: बाहेरचा व्यास मोठा होत जातो, बोअर लहान होत जातो, आणि इन्सर्ट बदलताच रेष मूळ जागी येते. उष्णतेची रेष सकाळच्या दोन तासांत झपाट्याने चढते, दुपारी सपाट होते, जेवणाच्या सुट्टीनंतर उलटी उडी घेते आणि संध्याकाळी मागे फिरते. सलग जॉबमध्ये कधी वर कधी खाली अशा उड्या असतील तर काहीतरी ढिले आहे: टूल होल्डर, टरेटचे (टूल बसवलेल्या फिरत्या डोक्याचे) क्लँपिंग, एक्स ॲक्सिसच्या बॉलस्क्रूचा (टूल पुढे-मागे सरकवणाऱ्या स्क्रूचा) बॅकलॅश (ढिलेपणा) किंवा चकमधला जॉब. तीन जबड्यांच्या चकमध्ये पातळ जॉब जास्त दाबला गेला तर तो तीन कोनी होतो, आणि हे दोन टोकांवर टेकणाऱ्या मायक्रोमीटरला दिसत नाही. व्ही-ब्लॉकवर फिरवून डायल लावावा लागतो.

उष्णतेने साईज का हलते याचा हिशोब करून पाहा. बऱ्याच लेथमध्ये जागा मोजणारा एन्कोडर मोटरच्या मागे असतो, स्लाइडवर स्केल नसते. म्हणजे स्क्रू लांबला तरी कंट्रोलरला पत्ता लागत नाही. एक्स ॲक्सिसचा स्क्रू ५ अंशांनी तापला आणि फिक्स बेअरिंगपासून नटपर्यंतचे अंतर २५० मिमी असेल, तर १४ मायक्रॉन. व्यासावर दुप्पट, २९. ही मशीनची बिघाडी नव्हे, त्यामुळे मेंटेनन्सवाल्याला बोलावून उपयोग नाही. पाळी सुरू होताना पंधरा मिनिटांचा वॉर्म-अप प्रोग्रॅम चालवा: स्पिंडल कमाल वेगाच्या ३०, मग ६०, मग ८० टक्क्यांवर पाच-पाच मिनिटे, सोबत दोन्ही ॲक्सिस पूर्ण प्रवासात पुढे-मागे, कूलंट (कापताना सोडायचे तेल-पाण्याचे मिश्रण) चालू. जेवणाची सुट्टी सगळ्यांना एकदम देण्याऐवजी आळीपाळीने द्या म्हणजे मशीन थंड होत नाही. अर्ध्या तासाच्या सुट्टीनंतर पहिले दोन-तीन जॉब रफिंगचे लावा.

ऑफसेटची शिस्त लेखी असू द्या. एका रीडिंगवर ऑफसेट मारायचा नाही. सलग तीन जॉब मुभेच्या मधल्या अर्ध्या पट्ट्याबाहेर, एकाच बाजूला गेले तरच, आणि जितका फरक दिसतो त्याच्या निम्मा. मारलेला प्रत्येक ऑफसेट वेळेसह लिहायचा. हे ऑपरेटरवर लक्ष ठेवायला नाही. त्या नोंदीशिवाय मेंटेनन्सवाल्याला स्क्रूची झीज आणि उन्हाचा परिणाम वेगळा करताच येत नाही.

आणखी एक गोष्ट पाहा. पश्चिमेच्या व्हेंटिलेटरमधून चार वाजता ऊन थेट कोणत्या मशीनच्या बेडवर पडते? बेडची एक बाजू तापली की तो किंचित वाकतो आणि टेपर (एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक) यायला लागतो. बरेच दिवस लेव्हलिंग पाहून झालेले असते आणि कारण असते व्हेंटिलेटर. तिथे पांढरा रंग मारा किंवा शेडनेट लावा, खर्च नगण्य आहे. हीच गोष्ट कूलरची. कूलरचा झोत माणसाच्या अंगावर आला पाहिजे, मशीनच्या एका कुशीवर नको.

कूलरचा विषय निघाला आहे तर तो नीट सांगतो, कारण नागपूरच्या उन्हाळ्यात हे सगळ्यांत स्वस्त आणि परिणामकारक साधन आहे. मे महिन्यातली इथली हवा इतकी कोरडी असते की बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असताना ओल्या बल्बचे तापमान (पाणी उडून हवा जास्तीत जास्त जितकी थंड होऊ शकते ते) २२-२३ च्या आसपास असते. चांगल्या हनीकोंब पॅडमधून हवा २७-२८ अंशांची होऊन बाहेर पडते. डक्टमधून ती प्रत्येक ऑपरेटरच्या जागी सोडली तर माणूस टिकतो, आणि दुपारी थकलेल्या माणसाच्या चुका कमी होतात. पण तेवढीच हवा शेडबाहेर जायला वाट हवी. समोरच्या भिंतीला वर एक्झॉस्ट किंवा छतावर टर्बो व्हेंटिलेटर नसेल तर शेडची भट्टीऐवजी दमट भट्टी होते. पावसाळ्यात मात्र हे साधन निकामी होते: ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेला ओला बल्ब २७-२८, म्हणजे दोन अंशांचा फायदा आणि सगळ्या जॉबवर गंज. पहिला पाऊस पडला की पाण्याचा पंप बंद, पंखा चालू.

ड्राइव्हच्या ट्रिपकडे वळू. पॅनेलचे दार उघडे टाकून समोर पंखा, किंवा त्याहून वाईट म्हणजे कूलर लावणे, हे एप्रिलपासून सर्रास दिसते. कृपया हे करू नका. कूलरच्या ओल्या हवेबरोबर बोअरवेलच्या पाण्यातले क्षार आणि शेडमधली तेलाची वाफ, बिडाची बारीक पूड कार्डांवर बसते. आज ट्रिप थांबते, आणि जुलैत दमट हवा सुटली की तोच थर वीजवाहक होऊन कार्ड जाते. दार उघडे असले की पॅनेल एसीचा किंवा फिल्टर फॅनचा हवेचा मार्गही मोडतो.

बहुतेक व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह) ४० अंशांपर्यंत पूर्ण क्षमतेने चालतात, त्यापुढे ५० पर्यंत क्षमता घटत जाते; नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. ट्रिपपेक्षा मोठे नुकसान आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे: साधारण दर १० अंश वाढीला त्यांचे आयुष्य निम्मे होते. फिल्टर फॅन किंवा हवा-ते-हवा हीट एक्स्चेंजर पॅनेलला शेडपेक्षा थंड करूच शकत नाही. शेडच ४५ ला असेल तर आत ५० च्या वर जाणार. म्हणून नागपुरात ड्राइव्हच्या पॅनेलला पॅनेल एसी लागतो; त्यावर पैसे वाचवू नयेत. त्याचे सेटिंग ३२ ते ३५ वर ठेवा. २२ वर लावला तर दमट दिवसांत दार उघडताच कार्डांवर पाणी सुटते. न वापरलेली केबल ग्लँडची भोके बंद करा, उंदीरही तिथूनच शिरतात. एसीच्या पाण्याची नळी मुडपलेली नाही ना हे बघा. फिल्टर मॅट एप्रिल-मेमध्ये आठवड्याला धुवावी लागते. महिन्याला पुरत नाही.

ड्राइव्हच्या मागचे हीटसिंक वर्षातून एकदा होळीच्या आधी साफ करा. मेन बंद, लॉक आणि टॅग, मग किमान दहा मिनिटे थांबा आणि चार्ज दिवा विझल्यावरही डीसी बस मीटरने तपासा. ४१५ व्होल्टच्या पुरवठ्यावर आत साडेपाचशे व्होल्टच्या वर डीसी साठलेला असतो. आधी ब्रश आणि व्हॅक्यूम क्लीनर. हवेच्या गनने थेट फुंकले तर पूड कार्डांत जाते, आणि लाइनमध्ये पाणी असेल तर तेही.

त्याच वेळी पॉवर टर्मिनल पाहा. दिवसा तापणे आणि रात्री गार होणे यामुळे लग (वायरच्या टोकाची धातूची जोडणी) ढिले होतात, ढिल्या लगला रोध वाढतो, तो आणखी तापतो. मशीन लोडवर असताना, वायरमनने सुरक्षित अंतर ठेवून इन्फ्रारेड गन किंवा थर्मल कॅमेऱ्याने तिन्ही फेज पाहाव्यात. उघड्या तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची लग गनला थंडच दिसते, म्हणून शटडाउनमध्ये प्रत्येक लगवर काळ्या इन्सुलेशन टेपचा छोटा तुकडा लावून ठेवा आणि पुढे कायम त्या टेपवरच गन धरा. तीन फेजमध्ये लोड सारखा असताना एक फेज बाकीच्या दोघींपेक्षा दहा अंश जास्त दाखवत असेल तर पुढच्या थांब्यात ती उघडून साफ करून टॉर्क रेंचने आवळा. नुसती आवळू नका. जळलेला, काळा पडलेला लग बदलावाच लागतो.

हायड्रॉलिक पॉवर पॅक उन्हाळ्यात तापला की पहिला विचार येतो जाड तेल टाकण्याचा. घाई करू नका. आयएसओ व्हीजी ४६ म्हणजे ४० अंशांना ४६ सेंटीस्टोक (तेलाची जाडी मोजायचे एकक). ६० अंशांना ते निम्म्याहून पातळ होते, पंप आणि व्हॉल्व्हमधली आतली गळती वाढते, गळतीने तेल आणखी तापते. व्हीजी ६८ टाकले तर मे सुखाचा जातो, पण डिसेंबर-जानेवारीत इथे पहाट १० अंशांवर उतरते, तेव्हा जाड तेल सक्शनला ओढले जात नाही आणि पंप कुरकुरतो, झिजतो. त्यापेक्षा जास्त व्हिस्कॉसिटी इंडेक्सचे (हा आकडा जितका मोठा तितकी तापमानाने तेलाची जाडी कमी बदलते), १५० च्या आसपासचे ४६ ग्रेडचेच तेल वर्षभर बरे.

पण त्याआधी उष्णता कुठून येते ते शोधा. बहुतेक वेळा रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाबाचे तेल टँकमध्ये परत सोडणारा) गुन्हेगार असतो. हिशोब सोपा आहे: बार गुणिले लिटर प्रति मिनिट भागिले ६०० बरोबर किलोवॅट. ५० बारवर मिनिटाला १२ लिटर तेल रिलीफवरून टँकमध्ये परत पडत असेल, तर टँकमध्ये १ किलोवॅटचा हीटर दिवसभर चालू आहे असे समजा. चकला ३० बार पुरत असताना कुणीतरी पूर्वी ६० वर सेट करून ठेवलेले असते. दाब कमी करा, पण आधी चकच्या कमाल वेगाला लागणारी पकड तपासून. फिरताना जबड्यांची पकड कमी होते आणि जॉब सुटणे जीवघेणे आहे. मशीन उत्पादकाच्या तक्त्यापेक्षा खाली कधीच जाऊ नका. टँकचे तेल ५५ च्या आत राहिले पाहिजे. ६० च्या वर ते झपाट्याने वार्निश (चिकट थर) धरते. तेल थंड करणाऱ्या कूलरच्या पंखांवर तेलकट धुळीची लादी बसलेली असेल तर डीग्रीझर लावून पाण्याने उलट दिशेने धुवा, पंख्याची मोटर झाकून.

कूलंटकडे सगळ्यांचे दुर्लक्ष असते, म्हणून थोडे थांबून सांगतो. २०० लिटरची टँक, ६ टक्के मिश्रण, म्हणजे १२ लिटर तेल. उन्हाने ५० लिटर पाणी उडाले की उरलेल्या १५० लिटरांत तेल तेवढेच, म्हणजे ८ टक्के. ऑपरेटर सवयीने पुन्हा ६ टक्क्यांचे मिश्रण भरतो, तीन लिटर तेल आणखी जाते, आणि मेअखेर टँक ९-१० वर असते. मग फेस येतो, जॉब चिकट होतात, हाताला खाज सुटते आणि तेलाचा खर्च का वाढला हे कळत नाही. उन्हाळ्यात टॉप-अप १ ते २ टक्क्यांचे करा आणि रोज सकाळी रिफ्रॅक्टोमीटर लावा. लक्षात ठेवा, काचेतला आकडा म्हणजे टक्के नव्हे; त्याला त्या तेलाच्या डब्यावर दिलेल्या फॅक्टरने गुणावे लागते. फॅक्टर १.५ असेल तर काचेत ४ म्हणजे ६ टक्के.

पाणी उडते, क्षार उडत नाहीत. बोअरवेलच्या जड पाण्याने टॉप-अप करत राहिलात की दर आठवड्याला टँकमधला क्षार वाढतो, तेल फुटते, वर साबणासारखा पांढरा थर येतो आणि जॉबला गंज चढतो. टॉप-अपपुरते तरी आरओचे पाणी वापरा. सोमवारी सकाळी शेड उघडल्यावर सडक्या अंड्याचा वास येत असेल तर वर साचलेल्या स्लाइडवेच्या तेलाने हवा कोंडली आहे आणि खाली जिवाणू वाढले आहेत. बेल्ट स्किमर लावा, रविवारी दिवसातून एकदा तासभर पंप फिरवा. पीएच ८.५ च्या खाली गेला की औषध ओतत बसू नका. टँक रिकामी करून, तळाचा चिप्सचा गाळ काढून, सिस्टीम क्लीनरने पाइपलाइन धुऊन नवे भरा. नवे भरताना पाण्यात तेल, तेलात पाणी नाही.

कॉम्प्रेसर रूममध्ये थर्मामीटर ४८ दाखवत असेल तर कॉम्प्रेसर दुरुस्तीला बोलावण्याआधी गरम हवेचा डक्ट बाहेर काढा. स्वतःची गरम हवा पुन्हा ओढल्याने स्क्रू कॉम्प्रेसरचे डिस्चार्ज तापमान १०५-११० ला जाते आणि तो स्वतःला बंद करतो. ताजी हवा उत्तरेकडून, खालून घ्या. ड्रायरची क्षमताही अशा उष्णतेत बरीच घटते, त्यामुळे पाणी लाइनमध्ये येते. पाण्याचा खरा मारा मात्र पावसाळ्यात. ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला दर घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाणी असते. १०० सीएफएमचा (मिनिटाला १०० घनफूट हवा घेणारा) कॉम्प्रेसर आठ तासांत तीसेक लिटर पाणी ओढतो. तुमच्या ऑटो ड्रेनमधून पाळीला बादलीभर पाणी निघत नसेल, तर ते पाणी व्हॉल्व्हमध्ये, टरेटच्या सिलिंडरमध्ये आणि एअर गेजमध्ये जाते आहे.

एवढे सगळे करायला मशीन मोकळे कधी मिळणार? इथे नियोजन आणि मेंटेनन्स एकाच कागदावर यायला हवेत. दिवसाचे दोन भाग करा. रात्री आठ ते सकाळी अकरा, म्हणजे जवळजवळ दोन पाळ्यांचा स्थिर काळ: एच६, एच७ आणि ॲल्युमिनियमची कामे यात. सकाळी अकरा ते रात्री आठ: रफिंग, मोठ्या मुभेचे जॉब, ड्रिलिंग, डीबरिंग, पॅकिंग. नियमित मेंटेनन्स याच दुपारच्या वेळात, रोज एका मशीनला दीड तास, आठ मशीनचे आठ दिवसांचे चक्र. तो दीड तास प्लॅनमध्ये आधीच वजा करून टार्गेट ठरवा. रोज दुपारी दोन ट्रिप, प्रत्येकी रीसेट, पुन्हा वॉर्म-अप आणि पहिल्या तुकड्याची तपासणी धरून चाळीस मिनिटे, असा हिशोब केला तर आठ दिवसांत एका मशीनचे दहा तासांहून जास्त जातात. त्यापुढे दीड तास काहीच नाही. हे आकडे तुमच्या रजिस्टरमधून काढून प्रॉडक्शन सुपरवायझरसमोर ठेवा. मशीन द्यायला तो स्वतःहून तयार होतो.

माणसांचेही वेळापत्रक यातच धरा. नवतपात, म्हणजे २५ मे पासूनच्या नऊ दिवसांत, दुपारी जड जॉब हाताने चढवायची कामे लावू नका. प्रत्येक दोन मशीनमागे थंड पाण्याचा माठ आणि ओआरएस हाताशी. घामाच्या हातांचे ठसे तयार जॉबवर दोन दिवसांत गंज होऊन उमटतात, म्हणून तपासणी आणि पॅकिंगला हातमोजे द्या आणि जॉब त्याच पाळीत रस्ट प्रिव्हेंटिव्हमध्ये बुडवा. लेथवर मात्र हातमोजे अजिबात नाहीत. फिरत्या चकमध्ये हातमोजा अडकला की हात जातो.

क्रम विचारलात तर असा लावा. उद्या: रिंग आणि जॉब एका टेबलावर, तक्ता गेजच्या स्टँडवर, भंगारातली हाउसिंग पुन्हा मोजणे. या आठवड्यात: पॅनेलची दारे बंद, फिल्टर धुणे, कॉम्प्रेसरचा डक्ट, पश्चिमेचा व्हेंटिलेटर. या महिन्यात: ॲल्युमिनियमची रिंग, रिलीफ व्हॉल्व्हचे दाब, कूलंट टँक. छताला उष्णता परावर्तित करणारा पांढरा लेप आणि पॅनेल एसी पुढच्या फेब्रुवारीच्या बजेटमध्ये. होळी झाली की घराघरांत कूलर निघतात, शेडची तयारी त्याआधी संपलेली असावी.

एक काम मात्र मृगाच्या आत, ७ जूनपूर्वी उरका. मान्सूनपूर्व वादळात वीज तासन्‌तास जाते आणि कंट्रोलरची बॅटरी कमजोर असेल तर पॅरामीटर आणि ॲक्सिसची होम जागा पुसली जाते. आठही मशीनचे पॅरामीटर, लॅडर (मशीनच्या नियंत्रणाचा आतला प्रोग्रॅम) आणि जॉबचे प्रोग्रॅम कार्डवर उतरवून दुसरी प्रत ऑफिसच्या संगणकात ठेवा. बॅटरी बदलताना बहुतेक कंट्रोलरमध्ये मशीनची पॉवर चालू असावी लागते. बंद करून बॅटरी काढली तर ज्या नुकसानीपासून वाचायचे तेच आपल्या हाताने होते. त्या वेळी इमर्जन्सी स्टॉप दाबलेला ठेवा, आणि बॅटरी बदलल्याची तारीख पॅनेलच्या दारावर आतून मार्करने लिहा.